वाचक विचारतात : पहिला नंबर, नम्रता आणि कन्फ्यूशियस

गेल्या अंकात मी चिनी परीक्षांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली तीन इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला पेच बऱ्याच घरांत असणार.

प्रश्न : ताई, नमस्कार. यांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं चीनमध्ये सुझोउला राहतोय. मुलगी बारा वर्षांची, इथल्याच शाळेत सातवीत आहे. चिनी आमच्यापेक्षा कितीतरी छान बोलते. तिच्या शाळेच्या जिन्यात कन्फ्यूशियसचं वचन मोठ्या अक्षरांत रंगवलंय, 'तिघं मिळून चालत असतील तर त्यात माझा एक गुरू असतोच.' त्याच्या बरोब्बर खाली लाल सन्मानफलक आहे. त्यावर महिन्याच्या गुणवंत मुलांचे फोटो लागतात. नंबर जाहीर करायला बंदी आहे म्हणे, पण कुणाला किती पडले हे संध्याकाळपर्यंत पालकांच्या वीचॅट ग्रुपवर सगळ्यांना कळलेलं असतं. गणितात हिचा फोटो लागला तेव्हा शेजारच्या आजींनी कौतुक केलं, तर ही मान खाली घालून म्हणाली, 'छे छे, मला कुठे काय येतं!' आणि रात्री माझ्याजवळ बसून मोजत होती, आपल्या पुढे अजून कोण कोण आहे. हे म्हणतात, नम्र राहिली तर मागे पडेल, जोंगकाओ, म्हणजे नववीनंतरची प्रवेशपरीक्षा, दोन वर्षांवर आलीय. मला वाटतं आपण तिला खोटेपणा शिकवतोय. कन्फ्यूशियसला नक्की काय हवं होतं, नम्रता की पहिला नंबर?
— एक आई, सुझोउ

उत्तर : आधी मुलीवरचा खोटेपणाचा आरोप मागे घ्या. आपल्याकडे पंगतीत पहिल्या आग्रहाला कुणी 'वाढा' म्हणत नाही, तसं तिथे पहिल्या कौतुकाला कुणी 'हो' म्हणत नाही. ती रीत आहे आणि तुमच्या मुलीने ती छान उचलली आहे. रात्रीचं मोजणं मात्र तिला मोठ्यांनी शिकवलं आहे. काळजी करायची तर त्याची करा.

आता कन्फ्यूशियस. 'लुन-यू' या त्याच्या संवादांच्या संग्रहात तिसऱ्या भागात तो म्हणतो की सज्जन माणूस चढाओढ करत नाही. करायचीच असेल तर ती नेमबाजीत. तिथे चौथऱ्यावर चढताना एकमेकांना वाकून 'आधी आपण' म्हणतात, खाली उतरल्यावर पितात, आणि ही चढाओढसुद्धा सज्जनाला शोभते. म्हणजे स्पर्धा नको असं तो म्हणत नाही. ती कशी खेळावी ते सांगतो.

तो 'खाली उतरल्यावर पितात' हा भाग बारकाईने पाहण्यासारखा आहे. जुन्या विधिग्रंथांत या नेमबाजीचं तपशीलवार वर्णन येतं. नेमबाज जोडीजोडीने वर जातात. हरलेल्या बाजूचे लोक धनुष्याची दोरी उतरवून येतात आणि मद्याचा प्याला पितात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की हा दंड आहे. पण 'ली-ची' या ग्रंथातलं नेमबाजीचं प्रकरण त्याचा अर्थ निराळा लावतं. मद्य हे म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना पोसण्यासाठी असतं, आणि नेम साधणारा जणू म्हणतो की मला या पोषणाची गरज नाही, दुसऱ्याला द्या. हरलेल्याच्या हातात शिक्षेऐवजी शक्ती यावी यासाठी दिलेला तो प्याला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. आपल्या कुठल्या परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला पोसायची सोय नियमांतच लिहून ठेवलेली असते?

'लुन-यू'च्या त्याच भागात थोडं पुढे आणखी एक वाक्य आहे. नेमबाजीत कातडं भेदलं की नाही हे मुख्य नाही, कारण सगळ्यांची ताकद सारखी नसते. जुनी रीत अशीच होती. लक्ष्य कातड्याचं असायचं. बाण आरपार जायला दंडात जोर लागतो आणि तो जन्माने कमीजास्त मिळतो. म्हणून नेम बघायचा, जोर बघायचा नाही. सन्मानफलक लावणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकांनी हे वाक्य आपल्या खोलीत लावावं असं मला मनापासून वाटतं. ज्या मुलाच्या घरी शिकवणीला पैसा आहे, गणित समजावून सांगणारे आईवडील आहेत, त्याचा बाण आरपार जाणारच. त्यावरून नेमाबद्दल काय कळलं?

आणि तुमच्या मुलीसाठी त्झू-कोंगची गोष्ट. हा कन्फ्यूशियसचा अत्यंत हुशार, बोलका शिष्य. व्यापारात त्याचे अंदाज बरोबर ठरत आणि पैसाही मिळे. त्याला माणसांची तुलना करायची सवय होती, हा वरचढ की तो. गुरूने त्याला एवढंच विचारलं की तू स्वतः फार मोठा झालास वाटतं? मला तर असल्या गोष्टींना वेळ नसतो. दुसऱ्या एका प्रसंगी गुरूच त्याला विचारतो, तू आणि येन-हुई, कोण सरस? येन-हुई हा अरुंद गल्लीत राहणारा, टोपलीभर भात आणि भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी यांवर आनंदात असणारा शिष्य. त्झू-कोंग म्हणतो, मी त्याची बरोबरी कशी करू? तो एक ऐकतो आणि दहा समजतो, मी एक ऐकतो आणि दोन समजतो. यावर गुरू म्हणतो, खरंय, तू त्याच्या तोडीचा नाहीस, तू आणि मी दोघेही नाही. (काही टीकाकार शेवटचा भाग निराळा लावतात, 'तुझं हे मान्य करणं मला पसंत आहे' असा. मला पहिला अर्थ पटतो, कारण त्यात गुरू शिष्याच्या शेजारी येऊन बसतो.) वरचढ कोण हे इथे स्पष्ट बोललं गेलं आहे, लपवलेलं नाही. पण त्यातून कुणाला खाली ढकललेलं नाही.

तुमच्या यांना म्हणावं, नम्रता म्हणजे मागे राहणं असं कन्फ्यूशियसने कुठेही म्हटलेलं नाही. कन्फ्यूशियसच्या लू राज्याचं सैन्य पळत सुटलं होतं, तेव्हा मेंग जिफान नावाचा सरदार सगळ्यांत मागे राहिला. माघार घेताना सर्वांत धोक्याची जागा तीच. नगराच्या वेशीत शिरताना त्याने घोड्याला चाबूक मारला आणि म्हणाला, 'मी धैर्याने मागे राहिलो नाही, घोडाच पुढे जाईना.' कन्फ्यूशियसने याचं कौतुक केलं. आधी काम, तेही सगळ्यांत अवघड, आणि मग त्याची फुशारकी नाही. तुमच्या मुलीने गणित सोडवलेलं आहे, मग तिने 'मला कुठे येतं' म्हटलं तर बिघडलं काय?

मग एवढा सुज्ञ विचार ज्या देशाने जपला तिथे जोंगकाओ आणि गाओकाओची (महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची) ही धास्ती कुठून आली? तुम्ही सुझोउला आहात, तर नानजिंग जवळ आहे. मी तिथे विद्यार्थिनी होते. छिनहुआई नदीकाठी कन्फ्यूशियसचं मंदिर आहे आणि त्याला लागूनच च्यांगनान परीक्षागृह, जिथे सरकारी अधिकारी निवडायच्या जुन्या परीक्षा होत. मुलीला घेऊन नक्की जा. छिंग या शेवटच्या राजवटीच्या अखेरीस तिथे वीस हजारांहून जास्त परीक्षाकोठड्या होत्या. कोठडीला दार नाही. भिंतींत दोन उंचींवर खाचा आणि दोन फळ्या. एक फळी वर सरकवली की मेज, दुसरी खाली, ते बसायचं. रात्री दोन्ही एका पातळीवर आणल्या की झोपायची जागा, तीसुद्धा पाय दुमडून. प्रांतिक परीक्षेच्या तीन फेऱ्या तिथे होत. उमेदवार स्वयंपाकाचं सामान बरोबर आणत. मी त्या बोळात उभी राहिले तेव्हा मनात एकच विचार आला, या प्रत्येक फळीवर 'लुन-यू'च्या वाक्यांवर निबंध लिहिले गेले. कन्फ्यूशियसचं एक वाक्य आहे, 'पूर्वीचे लोक स्वतःसाठी शिकत, आताचे लोक दुसऱ्यांना दाखवण्यासाठी शिकतात.' हेही पाठ करून माणसं एकमेकांना मागे टाकायला तिथे बसत होती.

ही खंत आजची नाही. ११८१ साली पांढऱ्या हरणाच्या गुहेजवळच्या विद्यापीठात, पाइलुतोंगमध्ये, चू-शी या विद्वानाने लू च्यू-युआन या दुसऱ्या विद्वानाला व्याख्यानाला बोलावलं. दोघांचे विचार एकमेकांच्या विरुद्ध होते. लू च्यू-युआनने सांगितलं की ऋषींचे ग्रंथ वाचणाऱ्यांचं मन पदावर आणि वेतनावर असेल तर त्यांचा रस्ता ऋषींच्या उलट दिशेने जातो. ऐकणाऱ्यांतले काही रडले. चू-शीने ते व्याख्यान दगडावर कोरून घेतलं. आणि पुढे १३१३ च्या फर्मानाने याच चू-शीची भाष्यं परीक्षेचा पाया झाली आणि ती १९०५ मध्ये परीक्षा बंद होईपर्यंत टिकली.

परीक्षेला नुसतं वाईट म्हणणंही न्यायाचं होणार नाही. सोंग राजवटीच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक) उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांकडून सगळी पत्रिका नव्याने उतरवून घेत. वशिल्याविरुद्ध केलेली ही फार मोठी खटपट होती. १९७७ च्या हिवाळ्यात, सांस्कृतिक क्रांतीनंतर गाओकाओ पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख तरुण बसले, त्यांपैकी सुमारे २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. त्या क्रांतीच्या काळात शहरांतून शेतात पाठवलेल्या मुलांसाठी ते दार होतं. असं दार कुणी बंद करावं असं मी म्हणणार नाही.

पण सगळी नम्रता मुलांकडून मागायची आणि स्पर्धेचा मांडव घालणाऱ्यांनी मात्र हवं ते करायचं, हे मला मान्य नाही. इथे मला लाओ-त्झू हा दुसरा प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्याही पुढे गेलेला दिसतो. 'ताओ-ते-चिंग' या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात तो म्हणतो, गुणवंतांना डोक्यावर घेऊ नका म्हणजे लोक भांडणार नाहीत. दुर्मीळ वस्तूंना भाव देऊ नका म्हणजे लोक चोरी करणार नाहीत. हे सांगणं राज्यकर्त्याला आहे. शिडी कुणी उभी केली, हे तो विचारतो. शिडीवर धक्काबुक्की करणाऱ्याला उपदेश करत बसत नाही. त्याच प्रकरणात पुढे लोकांची मनं रिकामी आणि पोटं भरलेली ठेवा असंही येतं. ते मला आवडत नाही आणि कुठल्याही शिक्षकाने ते उचलू नये. पहिलं वाक्य मात्र तुमच्या शाळेच्या फलकाला थेट लागू आहे.

आणि आजच्या चीननेही हे थोडंफार ऐकलं आहे. जुलै २०२१ मध्ये 'दुहेरी ओझं (गृहपाठ आणि शिकवण्या) कमी करा' हे धोरण आलं. सक्तीच्या शिक्षणाच्या (पहिली ते नववी) वर्गांत मुख्य विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आली. ऑगस्टमध्ये शिक्षण मंत्रालयाने पहिली-दुसरीच्या लेखी परीक्षा बंद केल्या, नंबर लावायला आणि निकाल जाहीर करायला मनाई केली, इतकंच काय, गुणांवरून बाकांची जागा ठरवायलाही. म्हणजे वीचॅट ग्रुपवर जे चालतं ते नियमाच्या विरुद्ध आहे. पण वर जोंगकाओ आणि गाओकाओ तशाच उभ्या आहेत (२०२४ मध्ये गाओकाओसाठी १ कोटी ३४ लाखांहून जास्त नावनोंदणी होती), म्हणून खालचा नियम पालकच मोडतात.

तर तुम्ही करण्याजोगं एक काम. त्या ग्रुपवर कुणाचेच गुण टाकू नका, मुलीचे चांगले आले तरी. वर्गशिक्षिकांना एकटं गाठून, नियमाचा हवाला न देता, अदबीने सांगा की माझ्या मुलीचा फोटो फलकावर नको. इतर पालकांपैकी एक-दोघं तरी तुमच्या मागून येतील. आणि मुलगी रात्री मोजायला बसली की तिला त्या प्याल्याची गोष्ट सांगा.

प्रश्न : मॅडम, मी सदाशिव पेठेत खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करतोय. मेन्सला दोनदा थोडक्यात राहिलो. अभ्यासिकेतल्या मित्राने लाओ-त्झू वाचायला दिला. 'जो चढाओढ करत नाही त्याच्याशी जगात कुणी चढाओढ करू शकत नाही' हे वाचून पुस्तकं बांधून गावी जावंसं वाटलं. चीनमधली पोरंसुद्धा आता 'आडवं पडून राहायचं' म्हणतात. लाओ-त्झू हेच सांगतो का? आणि आपल्या स्पर्धा परीक्षा मुळात चीनमधून आल्या हे खरं का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी. ईस्ट इंडिया कंपनीच्या वरिष्ठ नोकऱ्या १८५३ च्या कायद्याने खुल्या स्पर्धेला मोकळ्या झाल्या आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. त्याआधी ग्वांगझोउच्या ब्रिटिश वकिलातीतले दुभाषी थॉमस टेलर मेडोज यांनी १८४७ च्या पुस्तकात चिनी पद्धतीची जाहीर शिफारस केली होती, आणि ब्रिटनमधल्या वादात चीनचं उदाहरण दोन्ही बाजू देत होत्या. चिनी इतिहासकार तेंग स्सु-यू यांनी १९४३ मध्ये हा धागा सविस्तर मांडला. प्रभाव किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण नातं आहे. तुमची अभ्यासिका आणि ती नानजिंगची कोठडी एकमेकींच्या दूरच्या नात्यातल्या आहेत.

आता लाओ-त्झू. तुम्ही वाचलेलं वाक्य बाविसाव्या प्रकरणातलं. आठवं प्रकरण त्याच्या शेजारी ठेवून वाचा. तिथे पाणी येतं, ते सगळ्यांचं भलं करतं, कुणाशी झगडत नाही, आणि लोकांना नकोशा वाटणाऱ्या जागी राहतं. पाणी आडवं पडून राहत नाही, ते सतत काम करत असतं. २०२१ मध्ये चिनी तरुणांत 'थांगफिंग' म्हणजे आडवं पडण्याची भाषा सुरू झाली. ज्यांनी ती वापरली त्यांचा थकवा खरा होता आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त ते ओझं लाओ-त्झूच्या खांद्यावर टाकू नका.

तुमच्यासाठी खरा माणूस च्वांग-त्झू आहे, लाओ-त्झूच्याच वाटेचा जुना चिनी विचारवंत. त्याच्या नावाच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या प्रकरणात तो कन्फ्यूशियसच्याच तोंडी एक गोष्ट घालतो. कौलाच्या तुकड्यावर पैज लावली की नेम छान लागतो. पट्ट्याच्या आकड्यावर लावली की हात कचरतो. सोन्यावर लावली की डोळ्यांपुढे अंधारी येते. कौशल्य तिन्ही वेळा तेच असतं. बाहेरच्या गोष्टीला भाव आला की आतला माणूस अडखळतो. मेन्सला थोडक्यात राहणारा मुलगा मला यात स्पष्ट दिसतो. टेस्ट सिरीजमध्ये ज्या प्रश्नाला तुम्ही सहज लिहिता, तोच परीक्षेत आला की पेन थांबतं ना?

त्याच प्रकरणात छिंग नावाचा सुतार आहे. त्याने घंटा टांगायची लाकडी चौकट केली, ती बघणाऱ्यांना माणसाच्या हातची वाटेना. लू राज्याच्या राजाने विचारलं, ही कुठली विद्या? छिंग म्हणाला, मी सुतार, मला कुठली विद्या! काम घेण्याआधी मी उपास करून मन शांत करतो. तीन दिवसांनी बक्षीस, पद, पगार यांचा विचार सुटतो. पाच दिवसांनी निंदा-स्तुती आणि जमेल की नाही हा विचार सुटतो. सात दिवसांनी मला हातपाय आहेत हेही विसरतो, दरबार विसरतो. मग जंगलात जातो, झाडं बघतो, आणि ज्या झाडात चौकट दिसते त्यालाच हात लावतो. त्याने स्पर्धा सोडली म्हणून काम सोडलं नाही. दरबाराचंच काम होतं आणि ते त्याने पुरं केलं.

उपास करू नका, जागरणांत तब्येत आधीच बिघडलेली असेल. पण परीक्षेआधीच्या आठवड्यात कट-ऑफच्या अंदाजांचे टेलिग्राम ग्रुप बंद ठेवा, खोलीवरच्या मित्राशी 'यंदा जागा किती' ही चर्चा बंद ठेवा. आणि किती प्रयत्न करायचे हे आत्ताच, शांत डोक्याने, घरच्यांशी बोलून ठरवा. गावी जाणं ही हार आहे असं मला मुळीच वाटत नाही, मात्र निकालाच्या रात्री ते ठरवू नका.

प्रश्न : ताई, माझ्या वर्गातली मुलं प्रश्नच विचारत नाहीत. पालक अभिमानाने सांगतात, 'आमचा मुलगा नम्र आहे, सरांना उलट बोलत नाही.' कन्फ्यूशियसला असे शिष्य आवडले असते का?
— एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : नसते आवडले. स्वतः तो लूच्या महामंदिरात गेला तेव्हा प्रत्येक गोष्टीबद्दल विचारत सुटला. लोक हसले की याला म्हणे विधी कळतात! त्याने उत्तर दिलं, हे विचारणं म्हणजेच विधी. एकाच प्रश्नाला तो दोन शिष्यांना उलट उत्तरं देत असे. ऐकलं की लगेच करावं का, असं त्झू-लूने विचारलं तेव्हा म्हणाला, वडील आणि मोठे भाऊ आहेत, त्यांना विचार. रान-यूला म्हणाला, हो, लगेच कर. तिसऱ्या शिष्याने हे ऐकून, गोंधळून, कारण विचारलं. गुरू म्हणाला, रान-यू कचरतो म्हणून त्याला पुढे ढकललं, त्झू-लू दोघांचा जोर एकटा दाखवतो म्हणून त्याला मागे ओढलं. त्या तिसऱ्याने तोंड उघडलं नसतं तर हे उत्तर आपल्यापर्यंत आलंच नसतं.

पालकसभेत सांगायला दोन वचनं देते. एक, माणुसकीचा प्रश्न आला तर गुरूपुढेही माघार घेऊ नये. दुसरं त्या लाडक्या येन-हुईबद्दलचं, ज्याची आपण बरोबरी करू शकत नाही असं गुरू म्हणाला होता. त्याच्याबद्दलही त्याची एक तक्रार होती, 'हुईची मला काही मदत होत नाही. मी काहीही बोललो तरी त्याला ते आवडतंच.'